मिलुतिन मिलांकोविच: हिमयुगांचं गणित मांडणारा इंजिनिअर

गेल्या उन्हाळ्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर काकांचा एक फॉरवर्ड आला. हवामान लाखो वर्षांपासून बदलतंय, हिमयुगं आली आणि गेली, तेव्हा कुठे गाड्या नि कारखाने होते, असं त्यात होतं. मला ते पटलं. मी लगेच दोन ग्रुपवर पुढे पाठवलंही! नंतर हिमयुगं मुळात येतात कशी हे शोधायला बसलो, तेव्हा हा माणूस सापडला.

पुलांकडून आकाशाकडे

मिलांकोविच यांचा जन्म २८ मे १८७९ चा, दाल्य गावातला. तेव्हा ते ऑस्ट्रिया-हंगेरीत होतं, आज क्रोएशियात आहे. व्हिएन्नात ते सिव्हिल इंजिनिअर झाले, पूल आणि धरणांची कामं केली. १९०९ मध्ये ते सगळं सोडून बेलग्रेड विद्यापीठात गणित शिकवायला गेले. तिथे त्यांनी एक भलामोठा प्रश्न हातात घेतला: पृथ्वीच्या कुठल्या भागावर कुठल्या काळात किती ऊन पडलं, हे गणिताने काढता येईल का?

१९१४ मध्ये लग्न झालं. बायकोला घेऊन गावी गेले आणि पहिलं महायुद्ध पेटलं. सर्बियाचे नागरिक म्हणून त्यांना अटक झाली. पुढे व्हिएन्नातल्या एका प्राध्यापकांनी शब्द टाकला आणि त्यांना बुडापेस्टमध्ये राहायची परवानगी मिळाली. युद्ध संपेपर्यंत ते तिथल्या विज्ञान अकादमीच्या लायब्ररीत बसून आकडेमोड करत राहिले. कॉम्प्युटर नाही, सगळं हाताने!

तीन चक्रं

त्यांच्या गणितात तीन गोष्टी येतात.

- पृथ्वीची कक्षा कधी जास्त गोल, कधी थोडी लांबट होते. याला साधारण १ लाख वर्षं लागतात.
- पृथ्वीचा आस २२.१ ते २४.५ अंशांमध्ये कलतो. हे चक्र ४१ हजार वर्षांचं.
- फिरणाऱ्या भोवऱ्यासारखा आस डुलतो. हे चक्र सुमारे २६ हजार वर्षांचं.

यामुळे उत्तरेकडच्या उन्हाळ्यात ऊन कमी पडलं, की हिवाळ्यातला बर्फ पूर्ण वितळत नाही. तो साठत जातो आणि हिमयुग येतं.

१९४१ मध्ये त्यांचा मोठा ग्रंथ छापून होत असतानाच बेलग्रेडवर बॉम्ब पडले. छापखाना गेला, पण छापलेली बरीचशी पानं वाचली. १२ डिसेंबर १९५८ ला मिलांकोविच गेले. तोवर अनेकांना त्यांचं म्हणणं पटलेलं नव्हतं. १९७६ मध्ये समुद्रतळाच्या गाळात हीच चक्रं सापडली आणि त्यांचं गणित खरं ठरलं.

मग फॉरवर्ड बरोबर होता का?

अर्धाच. हवामान नैसर्गिकरीत्या बदलतं, हे खरंच. पण त्याचा वेग बघा. ही चक्रं हजारो वर्षांत काम करतात, १५० वर्षांत त्यांचा फरक नगण्य असतो. शिवाय गेली काही हजार वर्षं उत्तरेकडचं उन्हाळी ऊन कमी होत चाललंय. म्हणजे चक्रांच्या हिशेबाने पृथ्वी हळूहळू थंड व्हायला हवी. झालंय उलटंच: तापमान १ अंशाहून जास्त वाढलंय.

सूर्यच तापलाय म्हणावं, तर १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून उपग्रह त्याची ऊर्जा मोजतायत आणि त्यात वाढ दिसत नाही. वाढलाय तो कार्बन डायऑक्साइड. कारखाने येण्याआधी हवेच्या दर दहा लाख भागांत तो २८० भाग होता, आता ४२० च्या वर आहे. ही भर मुख्यतः कोळसा, तेल आणि गॅस जाळून पडली आहे.

म्हणजे ज्या हिमयुगांचा दाखला देऊन आपण हात झटकतो, त्यांचंच गणित आपल्याकडे बोट दाखवतं. मी दोन्ही ग्रुपवर जाऊन आधीचा मेसेज चुकीचा होता, असं लिहिलं. काकांनाही हे सगळं पाठवलंय. त्यांची निळी टिक आलीये, उत्तर अजून नाही.

तुमच्या ग्रुपवरही असा फॉरवर्ड फिरतोय का? पुढे पाठवण्याआधी त्यात किती वर्षांचा हिशेब आहे, तेवढं नक्की बघा!