पाखरांचे दोस्त डॉ. सलीम अली

विद्यार्थी मित्रांनो, पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुका तुम्ही नकाशात पाहा. तालुक्याच्या पश्चिमेला नाणेघाट आहे. तेथे पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो व दाट झाडी वाढते. पूर्वेला आणे गावचे पठार आहे. तेथे पाऊस थोडा, म्हणून गवत व काटेरी झुडपे अधिक. जसे हवामान तशी झाडे आणि जशी झाडे तसे पशुपक्षी. अशा प्रदेशाला नैसर्गिक प्रदेश म्हणतात. जगात अरण्ये, वाळवंटे, गवताळ माळ, बर्फाळ भाग असे अनेक नैसर्गिक प्रदेश आहेत. भारतातील अशा प्रदेशांत जाऊन पाखरांचा अभ्यास करणाऱ्या एका थोर माणसाची ओळख आज करून घेऊ.

सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना वाढवले. एकदा त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, हे मामांनाही सांगता येईना. उत्तर शोधत सलीम 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी'त गेले आणि त्यांना आयुष्याची वाट सापडली.

ती वाट सोपी नव्हती. विद्यापीठाची पदवी नसल्याने त्यांना हवी ती नोकरी मिळाली नाही. बर्लिनला शिकून १९३० साली परतले, तर संग्रहालयातील जागाच रद्द झाली होती. ते खचले नाहीत. कोकणातील किहीम येथे राहून त्यांनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. पुढे कच्छचे रण, भरतपूरची पाणथळ जागा, केरळची अरण्ये, हिमालय, सारे त्यांनी पालथे घातले. १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक निघाले.

केरळातील सायलेंट व्हॅलीचे अरण्य धरणाखाली जाणार होते. ते वाचवण्यासाठी अनेकांबरोबर तेही झटले. १९८४ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले. अरण्य वाचले, पण माळाचे काय? माळावर राहणारा माळढोक राष्ट्रीय पक्षी व्हावा, असे त्यांना वाटे. १९६३ साली तो मान मोराला मिळाला. माळ म्हणजे ओसाड जमीन, असे समजून लोकांनी माळ मोडले. आज देशात माळढोक दोनशेहूनही कमी उरले आहेत.

२० जून १९८७ रोजी डॉ. सलीम अली यांचे निधन झाले. मित्रांनो, आण्यासारख्या पठारावर गेलात, तर त्याला ओसाड म्हणू नका. थोडा वेळ गप्प उभे राहा. गवतातून एखादा चंडोल गात वर उडेल. त्याचे घर तेच आहे.