बावीस ऑक्टोबरची वाट पाहणारा शेतकरी

जग बुडणार ही आवई आपल्याकडे काही नवी नाही. १९७९ च्या जुलैत अमेरिकेची स्कायलॅब ही अवकाशातील प्रयोगशाळा कोसळणार होती. ती नेमकी आपल्याच शिवारात पडणार अशी आमच्या गावाची खात्री झाली होती. आजी सांगते, लोकांनी कोंबड्या कापून खाल्ल्या, कोणी उधारी फेडायचे थांबवले. शेवटी स्कायलॅबचे तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले व दुसऱ्या दिवशी गाव मुकाट्याने शेतावर गेले. ही हकीकत आमच्या घरात आजही हसत हसत सांगितली जाते. पण विल्यम मिलर या अमेरिकन शेतकऱ्याचे चरित्र वाचल्यापासून मला पूर्वीसारखे हसू येत नाही.

मिलरचा जन्म १५ फेब्रुवारी १७८२ रोजी मॅसॅच्युसेट्समधील पिट्सफील्ड येथे झाला. सोळा भावंडांत तो थोरला. तो चार वर्षांचा असताना कुटुंब न्यूयॉर्क राज्यातील लो हॅम्प्टन येथे राहावयास आले. रान तोडून शेत करायचे, म्हणजे मुलांनाही काम आलेच. अक्षरओळख आईने करून दिली. शाळा मिळाली ती हिवाळ्यापुरती. पुस्तके मागून आणायची आणि रात्री सारे झोपल्यावर चुलीत पाइनच्या ढलप्या पेटवून त्या उजेडात वाचायची, असा त्याचा क्रम होता. ज्याच्या घरात पहिले पुस्तक त्याने स्वतःच आणलेले असते, त्याला ही भूक वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

१८०३ मध्ये लूसी स्मिथशी लग्न करून तो व्हरमाँटमधील पोल्टनी गावी गेला. तेथे ग्रंथालय होते. व्हॉल्टेअर, ह्यूम, टॉमस पेन वाचून त्याचा बायबलवरचा विश्वास उडाला. ईश्वराने विश्व घडवले खरे, पण घडवल्यावर तो त्यात हात घालीत नाही, असे मानणाऱ्या लोकांत तो मिसळला. आजोबा धर्मोपदेशक होते. त्यांच्या प्रवचनांची हुबेहूब नक्कल करून तो मित्रांना हसवीत असे.

पुढे १८१२ चे युद्ध सुरू झाले आणि मिलर कॅप्टन म्हणून लढला. ११ सप्टेंबर १८१४ रोजी प्लॅट्सबर्गच्या लढाईत ब्रिटिश सैन्य संख्येने कितीतरी मोठे असूनही अमेरिकन जिंकले. हे कसे झाले, हा प्रश्न त्याला सोडीना. मृत्यूनंतर काहीच नाही, हे एरवी म्हणायला सोपे असते. प्रेते पाहून आल्यावर ते म्हणवत नाही. युद्धानंतर तो लो हॅम्प्टनला परतला, गहाण पडलेले घरचे शेत सोडवले आणि शेती करू लागला. आईच्या आग्रहाने चर्चमध्येही जाऊ लागला. उपदेशक नसला की तेथील कारभारी छापील प्रवचन कसेबसे वाचून दाखवीत, म्हणून मिलर त्या दिवशी दांडी मारी. त्यांनी मग वाचायचे काम यालाच दिले! १८१६ मध्ये असेच एक प्रवचन वाचताना त्याचा कंठ दाटून आला, पुढे वाचवेना आणि तो खाली बसला. त्या दिवसापासून तो श्रद्धावान झाला.

जुने मित्र आता त्याचीच थट्टा करू लागले. बायबलमधील विसंगतींचे काय, असे ते विचारीत. मिलरने त्यांच्याकडून मुदत मागून घेतली. बाकीची टीकापुस्तके बाजूला ठेवून, फक्त बायबल आणि क्रूडनची शब्दसूची घेऊन तो पहिल्या ओळीपासून वाचीत सुटला. एक ओळ कळल्याखेरीज पुढे जायचे नाही. दोन वर्षांनी, १८१८ मध्ये, तो दानीएलच्या ग्रंथातील एका आकड्यावर येऊन थांबला. तेथे २३०० दिवसांनंतर पवित्रस्थान शुद्ध होईल असे भाकीत आहे. भविष्यकथनातील दिवस म्हणजे एक वर्ष, हा जुना समज मिलरने घेतला. इराणचा राजा अर्तहशश्त याने यरुशलेमविषयी फर्मान काढले ते ख्रिस्तपूर्व ४५७ मध्ये. तेथून मोजणी सुरू केली. २३०० मधून ४५७ वजा केले की १८४३ उरतात. पवित्रस्थान म्हणजे ही पृथ्वी आणि तिची शुद्धी म्हणजे ख्रिस्ताच्या पुनरागमनाच्या वेळचा अग्नी, असा त्याने अर्थ लावला. म्हणजे पंचवीस वर्षांत सारे संपणार!

येथे एका गोष्टीचा खुलासा केला पाहिजे. पौलाने थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पत्रात असे आहे की प्रभू येईल तेव्हा मेलेले श्रद्धावंत उठतील आणि जिवंत असलेले मेघांत उचलले जाऊन त्याला भेटतील. या उचलले जाण्याला आज रॅप्चर म्हणतात. मिलरच्या मते हे सर्व एकाच दिवशी, जगाच्या डोळ्यांदेखत घडणार होते. त्याच काळात जॉन नेल्सन डार्बी (१८०० ते १८८२) हा ब्रिटनमधील उपदेशक वेगळेच सांगत होता: श्रद्धावंत आधी उचलले जातील, मागे राहिलेल्यांवर संकटाचा काळ येईल आणि मग ख्रिस्त उघडपणे प्रकटेल. १९०९ मध्ये निघालेल्या स्कोफील्ड बायबलने डार्बीचे मत अमेरिकेत घरोघरी नेले. तेव्हा आज तेथे ज्याची चर्चा चालते तो रॅप्चर डार्बीचा आहे, मिलरचा नव्हे.

इतके मोठे गणित सुटल्यावर माणूस दुसऱ्या दिवशी चौकात जाऊन ओरडला असता. मिलर तेरा वर्षे गप्प राहिला! तो हिशेब पुन्हा पुन्हा तपाशी, स्वतःच आक्षेप काढी, स्वतःच उत्तरे देई. १८३१ च्या ऑगस्टमध्ये एके सकाळी त्याने मनाशी ठरवले की कोणी बोलावले तर जायचे. अर्ध्या तासात भाचा दारात हजर झाला. ड्रेस्डेन गावी उपदेशक नव्हता. मिलर रागाने उठून मेपलच्या झाडीत गेला, तेथे एकट्याने प्रार्थना केली आणि निमूटपणे निघाला. त्या वेळी त्याचे वय एकोणपन्नास होते.

पुढली बारा-तेरा वर्षे तो गावोगाव बोलत हिंडला. १८३९ मध्ये बोस्टनचा जोशुआ हाइम्स भेटला आणि चित्र पालटले. हाइम्सने वृत्तपत्रे काढली, भविष्यवाण्यांचे तक्ते छापले, हजारो माणसे बसतील असा तंबू शिवून घेतला. अनुयायी पन्नास हजार ते एक लाख असावेत असा अंदाज केला जातो. मिलरने नेमका दिवस सांगायचे टाळले. फार आग्रह झाल्यावर मार्च १८४३ ते मार्च १८४४ एवढेच सांगितले. ती मुदत गेली. मग लक्षात आले की ख्रिस्तपूर्व १ नंतर एकदम इसवी सन १ येते, मध्ये शून्य वर्ष नाही. म्हणजे वजाबाकी एका वर्षाने चुकली होती. ऑगस्टमध्ये सॅम्युएल स्नो याने ज्यू पंचांगावरून तारीख काढली: २२ ऑक्टोबर १८४४. मिलर ती मानायला तयार नव्हता. लोकच आधी मानून बसले, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला तोही वाहून गेला. मला त्याच्या चरित्रातील ही सर्वांत दुःखद जागा वाटते. ज्याने तेरा वर्षे स्वतःचे आकडे तपासले, त्याने दुसऱ्याचा आकडा काही आठवड्यांत स्वीकारला.

त्या मंगळवारी कोणी दुकान बंद ठेवले होते, कोणी बटाटे जमिनीतच राहू दिले होते. लोक पांढरे झगे घालून टेकड्यांवर बसले होते असे पुढे पुष्कळ लिहिले गेले, पण ती बहुतेक विरोधकांची कुचेष्टा आहे. ते प्रार्थना करीत बसले होते, एवढेच खरे. मध्यरात्र उलटली, उजाडले. अनेक जण पहाटेपर्यंत रडत राहिले.

नंतर थट्टा झाली, काही ठिकाणी सभागृहांवर दंगेखोर चालून गेले. १८४५ च्या प्रारंभी लो हॅम्प्टनच्या बॅप्टिस्ट मंडळीने मिलरला काढून टाकले. ज्या गावात तो प्रवचन वाचता वाचता खाली बसला होता, त्याच गावात. काळाचा हिशेब चुकला हे त्याने त्याच वर्षी छापून कबूल केले. ख्रिस्ताचे येणे जवळ आहे, हे मात्र सोडले नाही. शेताजवळ त्याने छोटेसे प्रार्थनागृह बांधले. १८४८ मध्ये दृष्टी गेली. चुलीच्या उजेडात वाचणाऱ्या या माणसाला अखेरीस वाचता येत नव्हते. २० डिसेंबर १८४९ रोजी तो वारला, तेव्हा हाइम्स जवळ होता.

निराश झालेल्यांतल्याच काहींनी २२ ऑक्टोबरचा अर्थ निराळा लावला. शुद्ध व्हायचे पवित्रस्थान पृथ्वीवरचे नसून स्वर्गातले, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्यातून १८६३ मध्ये सेव्हंथ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट चर्च स्थापन झाले. पुण्याचे स्पायसर महाविद्यालय त्यांचेच, हे मला फार उशिरा कळले.

सुट्टीत ही सारी कथा मी वडिलांना सांगितली. ते शाळेत गेलेले नाहीत. दानीएल आणि अर्तहशश्त त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, त्या बटाट्यांचे पुढे काय झाले? अ‍ॅडव्हेंटिस्ट लोक सांगतात की त्या वर्षी बटाट्यावर रोग होता, लवकर काढलेले पीक लोकांच्या तळघरांत कुजले. न्यू हॅम्पशरमधील एका शेतकऱ्याचे जमिनीत राहिलेले बटाटे मात्र वाचले आणि पुढच्या वसंतात बियाण्यासाठी चांगल्या भावाने विकले गेले. हे ऐकून वडिलांनी मान हलवली आणि ते बैलांना पाणी दाखवायला उठले.