जेफरसनच्या घरच्या बिअरची रेसिपी सगळ्यांना हवी होती, पण ती ज्याच्या हातात होती तो गुलाम होता

अमेरिकेत घरच्या घरी बिअर बनवायचा छंद असलेली खूप माणसं आहेत. कुणी किचनमध्ये, कुणी गॅरेजमध्ये, कुणी तळघरात दहा-वीस लिटरची बिअर लावतं. आपल्या छंदाचा मोठेपणा सांगायची वेळ आली की ही मंडळी एक नाव हमखास घेतात. थॉमस जेफरसन.

अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारा माणूस, देशाचा तिसरा राष्ट्राध्यक्ष आणि घरी बिअर बनवणारा हौशी गडी.

यातल्या पहिल्या दोन गोष्टी शंभर टक्के खऱ्या. तिसरी मात्र अर्धीच खरी. बिअर जेफरसनच्या घरी बनायची, पण ती बनवणारे हात त्याचे नव्हते.

गोष्ट सुरुवातीपासून बघू.

जेफरसनचा जन्म १३ एप्रिल १७४३ चा, व्हर्जिनियातला. घर जमीनदाराचं. तो १४ वर्षांचा असताना वडील गेले आणि पुढे जमीन आणि गुलाम असं दोन्ही वारशात त्याच्याकडे आलं. विल्यम्सबर्गला शिक्षण झालं, वकिली झाली. शार्लट्सव्हिलजवळच्या एका डोंगरावर त्याने स्वतःच्या आराखड्याने घर बांधायला घेतलं. त्याचं नाव मॉन्टिसेलो. हे बांधकाम, पाडकाम आणि पुन्हा बांधकाम पुढची कित्येक वर्षं चालू राहिलं.

१ जानेवारी १७७२ ला त्याचं मार्थाशी लग्न झालं आणि या घरात बिअर आली ती मार्थासोबत.

त्या काळात बिअर बनवणं हे घरातल्या बाईचं काम होतं. आपल्याकडे लोणची-पापड असायचे, तसंच. मार्थाच्या हिशेबाच्या नोंदी आजही आहेत. लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांत जवळपास दर पंधरवड्याला घरी १५ गॅलन, म्हणजे सुमारे ५७ लिटर बिअर लावली जायची. ही होती स्मॉल बिअर. पातळ, कमी अल्कोहोलची, जेवणाबरोबर प्यायची. ती फार दिवस टिकायची नाही, म्हणून सारखी लावावी लागायची. बिअरला कडवटपणा देणारी हॉप्सची फुलं मार्था आसपासच्या लोकांकडून घ्यायची. एकदा तर तिने एक जुना शर्ट देऊन सात पौंड हॉप्स घेतल्याची नोंद आहे.

१७७३ मध्ये मार्थाचे वडील जॉन वेल्स वारले. त्यांची जमीन, त्यांचं कर्ज आणि १३५ गुलाम जेफरसनच्या नावावर आले. त्यात एलिझाबेथ हेमिंग्ज नावाची बाई आणि तिची मुलं होती. यातली सहा मुलं खुद्द जॉन वेल्स यांचीच होती. म्हणजे मार्थाची सावत्र भावंडं. ती आता तिच्याच घरात गुलाम म्हणून आली. त्यातला एक मुलगा तीन वर्षांचा होता. त्याचं नाव पीटर.

हे नाव लक्षात ठेवा.

त्यानंतर तीनच वर्षांनी, १७७६ मध्ये, सगळी माणसं समान जन्माला येतात हा विचार जेफरसनने जाहीरनाम्यात लिहिला. तेव्हा तो ३३ वर्षांचा होता. पण आयुष्यभरात त्याच्या मालकीचे ६०० च्या वर गुलाम होते. गुलामगिरी वाईट आहे हे त्याने वेळोवेळी लिहिलं, राष्ट्राध्यक्ष असताना परदेशातून गुलाम आणण्यावर बंदी घालणाऱ्या कायद्यावर सही केली, पण स्वतःच्या घरातली मोजकीच माणसं सोडली.

१७८२ मध्ये मार्था गेली. दोन वर्षांनी जेफरसन फ्रान्सला गेला आणि पाच वर्षं तिथे राहिला. सोबत पीटरचा मोठा भाऊ जेम्स हेमिंग्ज होता. जेम्स पॅरिसमध्ये फ्रेंच स्वयंपाक शिकला. परत आल्यावर त्याने आपलं स्वातंत्र्य मागितलं. १७९३ मध्ये जेफरसनने लेखी कबूल केलं, पण अट घातली. आधी तुझ्या जागी दुसऱ्या कुणाला तरी स्वयंपाक शिकव, मग तू मोकळा.

जेम्सने शिकवलं ते धाकट्या भावाला, पीटरला. १७९६ मध्ये जेम्स मोकळा झाला आणि मॉन्टिसेलोचं स्वयंपाकघर पीटरच्या गळ्यात पडलं.

पीटरचा हात किती चांगला होता, याचा एक किस्सा आहे. १८०२ मध्ये राष्ट्राध्यक्ष जेफरसन वॉशिंग्टनला राहत होता. तिथे फ्रेंच आचारी होता. पण पीटर घरी करायचा तसे मफिन त्या आचाऱ्याला काही केल्या जमेनात. शेवटी राष्ट्राध्यक्षांनी आपल्या मुलीला पत्र लिहून पीटरची पद्धत विचारली.

१८०९ मध्ये जेफरसन राजकारणातून निवृत्त होऊन कायमचा मॉन्टिसेलोला आला. वॉशिंग्टनमध्ये तयार झालेल्या स्वयंपाकिणी त्याच्यासोबत परत आल्या आणि पीटरचं स्वयंपाकघर गेलं.

बिअरची खरी गोष्ट इथून पुढे आहे.

१८१२ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनचं युद्ध पेटलं. जोसेफ मिलर नावाचा एक कॅप्टन वारशाच्या कामासाठी आपल्या मुलीसह अमेरिकेत आला होता. तो इंग्लंडचा, म्हणजे शत्रू देशाचा, म्हणून त्याला समुद्रकिनाऱ्यापासून लांब, जेफरसनच्या भागात पाठवण्यात आलं. हा मिलर लंडनमध्ये बिअर बनवण्याच्या धंद्यात मुरलेला माणूस होता. जेफरसनने त्याला त्याच्या कामात मदत केली, दोघांची मैत्री जमली. मग १८१३ मध्ये मिलरने मॉन्टिसेलोवर बिअर बनवायला शिकवलं.

शिकला कोण? ४३ वर्षांचा पीटर हेमिंग्ज.

आता हे काम नेमकं काय होतं, ते समजून घेतलं तर पीटरची हुशारी कळेल.

आपल्याकडे नाचणीचं सत्त्व कसं करतात? नाचणी भिजवायची, मोड आणायचे, वाळवायची. बिअरचं माल्ट म्हणजे मूळात तेच. धान्याला मोड आले की पिठूळ दाण्याची साखर करणारे घटक त्यात जागे होतात. पण मोड योग्य वेळी थांबवावे लागतात. लवकर थांबवले तर साखर कमी मिळते, उशीर झाला तर कोंबच दाणा खाऊन टाकतो. मग ते माल्ट भरडून गरम पाण्यात मुरवायचं. पाणी फार तापलेलं असेल तरी काम बिघडतं, कोमट असेल तरी बिघडतं. मग तो गोड रस गाळून हॉप्ससोबत उकळायचा, थंड करायचा, यीस्ट घालून आंबू द्यायचा आणि पिंपात भरायचा.

बिअर म्हटलं की बार्ली हवी. पण जेफरसनच्या शेतात बार्ली नव्हती. पीटरने गव्हाचं माल्ट केलं. गव्हाच्या दाण्याला बार्लीसारखं टरफल नसतं, त्यामुळे रस गाळताना लगदा चिकटून बसतो. म्हणजे आधीच अवघड असलेलं काम आणखी अवघड.

त्यात यीस्ट हा जिवंत जीव आहे हेसुद्धा तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. ते सिद्ध करणारा लुई पाश्चर जन्मला १८२२ मध्ये. त्यामुळे पीटरकडे होतं ते फक्त डोळे, नाक, हात आणि अनुभव.

मॉन्टिसेलोवर बिअर बनवायची खास सोय झाली. ऑक्टोबरच्या शेवटी नाहीतर नोव्हेंबरच्या सुरुवातीला काम सुरू व्हायचं. ६० गॅलनची तीन पिंपं एकामागोमाग एक लावली जायची. म्हणजे १८० गॅलन, साधारण ६८० लिटर, पुढच्या वर्षभरासाठी. ही मार्थाच्या वेळची पातळ बिअर नव्हती. बाजारातले बिअरवाले एक बुशेल माल्टमधून १५ गॅलन बिअर काढायचे, मॉन्टिसेलोवर तेवढ्याच माल्टमधून फक्त ८ ते १० गॅलन निघायची. अर्थात चव दाट. जेवताना पाहुण्यांसमोर हीच बिअर यायची, वाइनची बाटली उघडायची ती जेवण झाल्यावर.

होता होता मॉन्टिसेलोच्या बिअरची चर्चा सगळीकडे झाली.

१८२० मध्ये जेफरसनने आपला मित्र आणि माजी राष्ट्राध्यक्ष जेम्स मॅडिसनला पत्र लिहिलं. तुझा माणूस शरद ऋतूत आमच्याकडे पाठव, तीन पिंपांत त्याचे तीन धडे होतील, आमचा बिअर बनवणारा कमालीचा हुशार आहे आणि शिकवूही शकतो, असा त्याचा आशय होता.

पुढच्या वर्षी व्हर्जिनियाचे माजी गव्हर्नर जेम्स बार्बर यांनी जेफरसनकडे बिअरची रेसिपी मागितली. जेफरसनने प्रामाणिक उत्तर दिलं. माझ्याकडे रेसिपी नाही, आणि नुसत्या रेसिपीवरून हे काम जमेल असं मला वाटत नाही. यावर पुस्तक आहे, पण ते वाचून केलं तर पहिले दोन-तीन घाणे वाया जातील. आमच्याकडे एका इंग्रज जाणकाराने माझ्या नोकराला शिकवलं आणि त्या नोकराने हुशारीने, मेहनतीने ते उचललं.

नोकर हा त्याचा शब्द. खरा शब्द गुलाम.

याच्या उलट उदाहरण जॉर्ज वॉशिंग्टनचं. त्याच्या १७५७ च्या वहीत कोंडा, हॉप्स आणि काकवीपासून स्मॉल बिअर करायची कृती लिहिलेली सापडते. ती आजही कुणी करून बघू शकतं. मॉन्टिसेलोच्या बिअरची जेफरसनच्या हातची अशी कृती नाही, कारण ती जेफरसनला येतच नव्हती.

४ जुलै १८२६. जाहीरनाम्याला बरोबर ५० वर्षं झाली, त्याच दिवशी जेफरसन वारला. दुसरे राष्ट्राध्यक्ष जॉन अॅडम्सही त्याच दिवशी गेले. जेफरसनच्या डोक्यावर एक लाख डॉलरहून जास्त कर्ज होतं. मृत्युपत्रात त्याने पाच गुलामांना स्वातंत्र्य दिलं. पाचही जण हेमिंग्ज कुटुंबातले. पण त्यात पीटरचं नाव नव्हतं.

भाऊ जेम्सला स्वयंपाक शिकवण्याच्या बदल्यात स्वातंत्र्य मिळालं होतं. पीटर स्वयंपाक शिकला, बिअर शिकला, दुसऱ्यांना शिकवायला तयार होता. त्याला त्या बदल्यात काहीच मिळालं नाही.

जानेवारी १८२७ मध्ये मॉन्टिसेलोवर लिलाव झाला. फर्निचर, जनावरं आणि १३० माणसं. पीटर तेव्हा ५७ च्या आसपास होता. नशीब एवढंच की त्याला विकत घेतलं ते त्याच्याच एका स्वतंत्र नातलगाने, आणि अशा रीतीने तो मोकळा झाला. पुढे शार्लट्सव्हिलमध्ये त्याने शिंपीकाम करून पोट भरलं. शिवणकामही तो मॉन्टिसेलोवरच शिकला होता.

त्यानंतर अमेरिकेत बरंच काही घडलं. १९२० मध्ये दारूबंदी आली, १९३३ मध्ये उठली. पण घरी बिअर बनवणं देशपातळीवर कायदेशीर व्हायला १९७८ उजाडलं. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केली आणि दोन प्रौढ असलेल्या घराला स्वतःपुरती वर्षाला २०० गॅलनपर्यंत बिअर करायची मुभा मिळाली. (आपल्या महाराष्ट्रात मात्र परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं गुन्हा आहे, तेव्हा वाचून लगेच पातेलं चढवू नका.)

गंमत बघा, मॉन्टिसेलोची तीन पिंपं म्हणजे १८० गॅलन. आजच्या मर्यादेतच बसतात.

आज अमेरिकेत जेफरसनच्या नावाने बिअर विकली जाते. बाटलीवर नाव त्याचं. पण घरी बिअर लावणारा कुणीही अनुभवी माणूस सांगेल की दोन-तीन घाणे बिघडल्याशिवाय हात बसत नाही, आणि हात ज्याचा बसतो बिअर त्याची. त्या हिशेबाने अमेरिकेच्या इतिहासातल्या या सगळ्यात गाजलेल्या घरगुती बिअरचा मालक जेफरसन असेल, पण बिअर पीटर हेमिंग्जची होती.