विश्लेषण : फ्रिज विकणारा चेहरा ग्राहकांचा आवाज कसा झाला? बेटी फर्नेस यांची कारकीर्द

अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मार्च १९६७ मध्ये ग्राहकहिताच्या कामासाठी विशेष साहाय्यक म्हणून बेटी फर्नेस यांची नेमणूक केली, तेव्हा ग्राहक चळवळीतील अनेकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. फर्नेस यांना सारा देश ओळखत होता, पण तो टीव्हीवर वेस्टिंगहाऊस कंपनीचे फ्रिज विकणारी बाई म्हणून. जिने वर्षानुवर्षे एका कंपनीची बाजू मांडली, ती कंपन्यांसमोर ग्राहकांची बाजू कशी मांडणार, हा प्रश्न रास्तच होता. त्याचे उत्तर फर्नेस यांनी पुढच्या पंचवीस वर्षांच्या कामातून दिले.

सुरुवात कुठून झाली?

फर्नेस यांचा जन्म ३ जानेवारी १९१६ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. किशोरवयातच त्या मॉडेलिंग करू लागल्या आणि १९३२ मध्ये आरकेओ या चित्रपट कंपनीने त्यांच्याशी करार केला. पुढच्या पाचेक वर्षांत त्यांनी तीसहून अधिक चित्रपटांत कामे केली. फ्रेड अस्टेअर आणि जिंजर रॉजर्स यांच्या ‘स्विंग टाइम’मध्ये (१९३६) नायकाची वाग्दत्त वधू त्यांनी रंगवली. मात्र भूमिका बहुतेक दुय्यमच राहिल्या. हॉलीवूडमध्ये जम बसला नाही, तेव्हा त्या रंगभूमीकडे वळल्या.

जाहिरातीत शिरकाव कसा झाला?

चाळीसचे दशक संपताना टीव्ही नवा होता आणि बहुतेक कार्यक्रम थेट प्रसारित होत. कार्यक्रमाचा खर्च सहसा एकच प्रायोजक उचलत असे. सीबीएसवरील ‘स्टुडिओ वन’ या नाट्यमालिकेची प्रायोजक वेस्टिंगहाऊस होती. या मालिकेत काम करत असताना फर्नेस यांना मध्यंतरातील जाहिरात सादर करण्याची संधी मिळाली. त्यांचा सहज, ठाम वावर कंपनीला आवडला आणि आठवड्याला १५० डॉलरवर त्यांना करारबद्ध करण्यात आले.

हे काम दिसते तितके सोपे नव्हते. दोन-तीन मिनिटांचा मजकूर पाठ करायचा, बोलता बोलता फ्रिजचे कप्पे ओढून दाखवायचे, ओव्हन उघडायचा, आणि चूक झालीच तर ती लाखो घरांत त्याच क्षणी दिसायची. पुन्हा चित्रीकरणाची सोय नव्हती. रंगभूमीवरची तालीम इथे कामी आली.

१९५२ हे वर्ष महत्त्वाचे का?

त्या वर्षी जुलैमध्ये रिपब्लिकन आणि डेमोक्रॅटिक या दोन्ही पक्षांची राष्ट्रीय अधिवेशने शिकागोत भरली. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत टीव्हीवर थेट दिसलेली ही पहिली अधिवेशने. सीबीएसच्या प्रक्षेपणाची प्रायोजक वेस्टिंगहाऊस होती. भाषणे, ठराव, मतदान तासन्‌तास चालले की मध्येमध्ये फर्नेस येत आणि घरगुती उपकरणांची ओळख करून देत. अधिवेशनातील कोणत्याही नेत्यापेक्षा त्याच पडद्यावर अधिक वेळा दिसल्या. उन्हाळा सरताना हे नाव घरोघरी पोहोचले होते.

न उघडलेल्या दाराचा किस्सा खरा आहे का?

फर्नेस म्हटले की अनेकांना एक प्रसंग आठवतो. थेट जाहिरातीत फ्रिजचे दार उघडेना आणि त्या खेचत राहिल्या. प्रसंग खरा आहे, पण त्यात फर्नेस नव्हत्या. १९५४ मध्ये त्यांच्या जागी बदली म्हणून आलेल्या जून ग्रॅहॅम या अभिनेत्रीवर ही वेळ आली होती. तरीही तो प्रसंग फर्नेस यांच्याच नावावर चिकटला. वेस्टिंगहाऊसचा फ्रिज आणि फर्नेस यांचा चेहरा प्रेक्षकांच्या मनात किती एकरूप झाला होता, हे यावरून कळते.

जाहिरात सोडल्यावर काय झाले?

हीच ओळख पुढे अडचणीची ठरली. १९६० मध्ये वेस्टिंगहाऊसशी त्यांचे नाते संपले. त्यांना आता बातम्या आणि मुलाखतींच्या क्षेत्रात जायचे होते. पण वाहिन्यांच्या लेखी त्या फ्रिजवाल्या बाईच होत्या. रेडिओ आणि स्थानिक टीव्हीवर त्यांनी काही कार्यक्रम केले, मोठे काम मिळेना. याच काळात त्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या वर्तुळात वावरू लागल्या. गरीब घरांतील लहान मुलांसाठीचा ‘हेड स्टार्ट’ आणि देशांतर्गत स्वयंसेवकांचा ‘व्हिस्टा’ या सरकारी उपक्रमांसाठी त्या देशभर फिरल्या. त्यातूनच जॉन्सन यांच्या प्रशासनाचे लक्ष त्यांच्याकडे गेले.

व्हाइट हाऊसमध्ये त्यांनी काय केले?

त्यांच्या आधी या पदावर एस्थर पीटरसन होत्या. कामगार चळवळीत मुरलेल्या पीटरसन यांच्या जागी जाहिरातीतला चेहरा येणे अनेकांना खटकले. शिवाय पदाला कायद्याचे अधिकार जवळजवळ नव्हते. दंड करणे, माल जप्त करणे, कंपनीला नोटीस देणे यांपैकी काहीच हाती नव्हते. अध्यक्षांना सल्ला देणे, काँग्रेसच्या समित्यांपुढे साक्ष देणे आणि लोकांशी बोलणे एवढेच शक्य होते.

त्यातले बोलण्याचे काम फर्नेस यांच्या हातचे होते. त्यांनी विषयाचा अभ्यास केला, सुनावण्यांना हजेरी लावली आणि सभांमधून किचकट मुद्दे सोप्या भाषेत मांडले. त्यांच्या कार्यकाळात महत्त्वाचे कायदे झाले. डिसेंबर १९६७ मध्ये मांस तपासणीचा कायदा कडक झाला. तोवर केंद्राची तपासणी राज्याबाहेर जाणाऱ्या मांसापुरतीच होती. आता राज्यांतर्गत विक्रीच्या मांसालाही त्याच तोडीची तपासणी आवश्यक ठरली. त्याच महिन्यात सहज पेट घेणाऱ्या कापडांवरील कायद्याची व्याप्ती वाढवण्यात आली.

मे १९६८ मध्ये कर्जाच्या अटी उघड करण्याचा कायदा आला. त्याचे महत्त्व एका हिशेबातून कळते. दुकानदार महिन्याला दीड टक्का व्याज सांगत असे, तेव्हा ते किरकोळ वाटे. वर्षाला ते १८ टक्के होते. नव्या कायद्याने वार्षिक दर सांगणे सक्तीचे केले. हे कायदे एकट्या फर्नेस यांचे नव्हेत. काँग्रेस, प्रशासन आणि चळवळ यांचा त्यात मोठा वाटा होता. पण ते सामान्य ग्राहकापर्यंत पोहोचवण्यात फर्नेस यांची ओळख उपयोगी पडली. शंका घेणारे हळूहळू निवळले. जानेवारी १९६९ मध्ये जॉन्सन यांच्याबरोबर त्याही पायउतार झाल्या. त्यानंतर, कोणत्याही कंपनीची जाहिरात न घेणाऱ्या ‘कन्झ्युमर्स युनियन’ या संस्थेने त्यांना संचालक मंडळावर घेतले.

पुढे टीव्हीवर पुनरागमन कसे झाले?

१९७० मध्ये त्या न्यूयॉर्क राज्याच्या ग्राहक संरक्षण मंडळाच्या प्रमुख झाल्या. विधिमंडळ ग्राहकहिताची विधेयके मंजूर करत नाही, हे पाहून वर्षभरातच त्यांनी पद सोडले. १९७३ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या ग्राहक खात्याची धुरा त्यांनी काही काळ सांभाळली.

१९७४ मध्ये एनबीसीच्या न्यूयॉर्क केंद्राने त्यांना ग्राहकविषयक वार्ताहर म्हणून घेतले आणि टीव्हीचे दार पुन्हा उघडले. वय होते ५८. सदोष वस्तू, फसव्या योजना, दाद न देणारे विक्रेते हे आता त्यांचे विषय होते. एकेकाळी ज्या सफाईने त्या वस्तूचे गुण सांगत, त्याच सफाईने आता दोष सांगू लागल्या. १९७६ पासून ‘टुडे’ या राष्ट्रीय कार्यक्रमातही त्या दिसू लागल्या. त्यांच्या ‘बायलाइन’ या वार्तांकनाला १९७७ सालचा पीबॉडी पुरस्कार मिळाला.

अखेर कशी झाली?

१९९० मध्ये त्यांना पोटाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. उपचारांनंतर त्या कामावर परतल्या, मात्र कामाचे दिवस कमी केले. १९९२ मध्ये वाहिनीने त्यांना निरोप दिला. तेव्हा त्या ७६ वर्षांच्या होत्या आणि निवृत्त होण्याची त्यांची इच्छा नव्हती. २ एप्रिल १९९४ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले.

वेस्टिंगहाऊससाठी त्यांनी सुमारे अकरा वर्षे काम केले. एनबीसीच्या पडद्यावर ग्राहकांच्या तक्रारी मांडण्याचे काम अठरा वर्षे चालले. तरीही फ्रिजची आठवण त्यांच्या नावापासून कधी सुटली नाही, आणि त्यांनीही ती कधी लपवली नाही.