मल्लेश्वरमच्या तलावामागील कालव्यांचा अभियंता : रिचर्ड सँकी

बंगळूर शहरातील मल्लेश्वरम आणि सदाशिवनगर या वसाहतींच्या मध्ये सुमारे १५ हेक्टर क्षेत्राचा एक तलाव आहे. सकाळ-संध्याकाळ फिरावयास येणाऱ्या नागरिकांची येथे वर्दळ असते. हा तलाव आणि जवळून जाणारा मोठा रस्ता, दोन्ही सँकी या नावाने ओळखले जातात. हे नाव लेफ्टनंट जनरल सर रिचर्ड हायरम सँकी या आयरिश अभियंत्याचे आहे. एकोणिसाव्या शतकातील नागपूर, मद्रास, कानपूर, म्हैसूर, मेलबर्न, कंदाहार आणि डब्लिन एवढ्या दूरदूरच्या ठिकाणांशी त्यांच्या आयुष्याचा संबंध आला. होड्यांच्या वाहतुकीसाठी खोदलेल्या कालव्यापासून शेतीच्या तलावांपर्यंत पाण्याचा हिशेब ठेवणे, हा त्यांच्या कार्याचा मुख्य धागा होय.

मल्लेश्वरम परिसराचे मराठी इतिहासाशी जुने नाते आहे. बंगळूर ही शहाजीराजांची जहागीर होती. मल्लेश्वरमला ज्या काडू मल्लेश्वर मंदिरावरून नाव मिळाले, त्या मंदिराला शहाजीराजांचे पुत्र आणि शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी अर्थात एकोजीराजे यांनी १६६९ मध्ये एक गाव दान दिल्याचा शिलालेख उपलब्ध आहे. पुढे १८९८ मधील प्लेगच्या साथीनंतर या भागात नियोजित वसाहत वाढली. सँकी तलाव मात्र त्यापूर्वीचा आहे.

डब्लिन ते नागपूर

सँकी यांचा जन्म २२ मार्च १८२९ रोजी आयर्लंडमधील टिपरेरी परगण्यात झाला. वडील मॅथ्यू सँकी हे बॅरिस्टर होते. डब्लिन येथील शालेय शिक्षणानंतर १८४५ मध्ये त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या ॲडिस्कोंब येथील लष्करी विद्यालयात प्रवेश घेतला. तेथे चित्रकलेसाठी त्यांना रौप्यपदक मिळाले. १८४६ च्या अखेरीस मद्रास इंजिनिअर्स या दलात त्यांची नियुक्ती झाली आणि दोन वर्षांनी ते भारतात दाखल झाले.

१८५० मध्ये नागपूर येथील कंपनीच्या फौजेकडे त्यांनी अभियंता म्हणून हंगामी कार्यभार सांभाळला. त्या वेळी नागपूरच्या गादीवर तिसरे रघूजी भोसले होते. सँकी यांना नागपूर परिसरातील खडक आणि जीवाश्म यांच्या अभ्यासात रस निर्माण झाला. प्रकृती बिघडल्याने ते काही वर्षे मायदेशी राहिले. ते परतले तेव्हा भोसल्यांचे राज्य खालसा झालेले होते. यानंतर त्यांच्याकडे सोपविण्यात आलेले काम निराळ्या स्वरूपाचे होते. १८५६ मध्ये मद्रासच्या पूर्व किनारी कालव्याचे अधीक्षक म्हणून त्यांची नियुक्ती झाली.

अरुंद कालव्यातील प्रवास

या कामाचे स्वरूप समजण्यासाठी त्या काळातील इंग्लंडमधील कालव्यांची माहिती घेणे उपयुक्त ठरेल. इंग्लंडमध्ये आधुनिक कालव्यांचे युग अठराव्या शतकाच्या मध्यास सुरू झाले. योगायोगाची बाब म्हणजे १७५७ मध्ये लँकेशायरमध्ये खुल्या झालेल्या, या युगातील आरंभीच्या कालव्याचे नावही सँकी कालवा असेच आहे. ते नाव तेथील सँकी या ओढ्यावरून पडले. त्यानंतर चार वर्षांनी जेम्स ब्रिंडली यांच्या देखरेखीखाली ब्रिजवॉटर कालव्यातून मँचेस्टरकडे कोळशाची वाहतूक सुरू झाली.

ब्रिंडली यांनी पुढे इंग्लंडच्या मध्यभागात आखलेले कालवे खर्चाच्या आणि पाण्याच्या बचतीसाठी अरुंद ठेवण्यात आले. त्यांवरील जलपाशांची रुंदी जेमतेम सात फूट असे. जलपाश म्हणजे कालव्यातील दोन दारांची कोठी. होडी आत घेऊन मागचे दार बंद करावयाचे, पाणी भरून किंवा सोडून होडी वरच्या अथवा खालच्या पातळीवर आणावयाची आणि पुढचे दार उघडावयाचे, अशी ही पद्धत आहे. सुमारे ७० फूट लांबीची आणि सात फुटांहून किंचित कमी रुंदीची होडी या कोठीत दोन्ही बाजूंना जेमतेम काही बोटांचे अंतर राखून शिरते. त्यामुळे नावाड्याला होडी दुरूनच सरळ रेषेत आणावी लागते आणि वेग अगदी कमी ठेवावा लागतो. काठावरच्या वाटेने चालणारा घोडा दोराने होडी ओढीत असे. काही बोगद्यांत अशी वाट नसल्याने नावाडी फळीवर आडवे होऊन भिंतींना पाय लावीत आणि पावलांच्या रेट्याने होडी पुढे नेत.

या प्रवासातील खरी अडचण पाण्याची होती. अशा अरुंद जलपाशातून होडी एकदा खाली उतरविली, की लाखभर लिटरहून अधिक पाणी वरच्या भागातून खाली जाते. वरच्या भागात तेवढी भर घालणारा जलाशय नसेल, तर उन्हाळ्यात होड्या जागीच थांबतात. म्हणूनच कालव्याच्या अभियंत्याला केवळ खोदकाम जाणून भागत नसे. पाऊस किती पडतो, कोणत्या उतारावरून किती पाणी येते, जलाशयात किती मावते आणि दारातून किती सोडावयाचे, याचा हिशेब त्याला मांडावा लागे.

मद्रासचा किनारी कालवा

मद्रासचा कालवा इंग्लंडच्या कालव्यांहून वेगळा होता. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी मद्रासपासून उत्तरेस एन्नोरपर्यंत खासगी खर्चाने खोदलेला हा जलमार्ग कोक्रेनचा कालवा म्हणून ओळखला जात होता. १८३७ मध्ये सरकारने तो ताब्यात घेतला. समुद्रकिनाऱ्याला समांतर जाणारा, खाड्या आणि खाजणे यांना जोडणारा हा खाऱ्या पाण्याचा कालवा होता. येथे प्रश्न डोंगर चढण्याचा नसून वाळूचा होता. कालवा ओलांडून समुद्राकडे जाणाऱ्या नद्या पुरात गाळ आणून टाकीत आणि भरती-ओहोटीने पाण्याची पातळी बदलत राही. त्यामुळे नदीच्या दोन्ही बाजूंना जलपाशांची दारे आवश्यक ठरत. मीठ, धान्य आणि जळाऊ लाकूड यांची वाहतूक करणाऱ्या होड्या काठावरून माणसे दोराने ओढीत, बांबूने रेटीत किंवा वारा अनुकूल असल्यास शिडाच्या साह्याने नेत.

सँकी यांच्या नियुक्तीचे वर्षही लक्षणीय आहे. त्याच १८५६ च्या जुलै महिन्यात मद्रासच्या रोयापुरम स्थानकातून दक्षिण भारतातील पहिली प्रवासी रेल्वे धावली. गोदावरीवरील धवळेश्वरम बंधाऱ्याचे निर्माते सर आर्थर कॉटन हे रेल्वेऐवजी वाहतुकीच्या कालव्यांवर पैसा खर्च करावा, असा आग्रह धरीत होते. शासनाचा कल मात्र रेल्वेकडे झुकला.

सत्तावन्नचा रणसंग्राम

कालव्यावरील कार्यकाळ अल्प ठरला. मे १८५७ मध्ये सँकी यांची कलकत्त्यास सार्वजनिक बांधकाम खात्यात बदली झाली आणि त्याच सुमारास उत्तर भारतात उठाव पेटला. त्यांना अलाहाबाद व तेथून कानपूरला पाठविण्यात आले. नोव्हेंबर १८५७ मध्ये तात्या टोपे यांच्या नेतृत्वाखालील ग्वाल्हेरच्या फौजेने कानपुरास वेढा घातला, तेव्हा सँकी इंग्रजांच्या बाजूने तटबंदीच्या कामावर होते. पुढे अवधच्या मोहिमेत नेपाळच्या जंगबहादूर यांच्या गुरखा फौजेबरोबर राहून त्यांनी नद्यांवर होड्यांचे पूल उभारले. जलमार्गाचे ज्ञान येथे युद्धासाठी वापरले गेले. मराठी वाचकांना त्यांच्या चरित्रातील हा भाग नजरेआड करता येणार नाही. ज्या सैन्याविरुद्ध तात्या टोपे आणि नानासाहेब पेशवे लढले, त्या सैन्याचे सँकी हे अधिकारी होते.

म्हैसूरमधील तेरा वर्षे

१८६४ मध्ये सँकी म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले. १८३१ पासून संस्थानाचा कारभार इंग्रज आयुक्तांकडे होता आणि बंगळूर हे त्याचे केंद्र होते. आज कर्नाटक उच्च न्यायालय जेथे आहे, ती लाल रंगाची अठरा कचेरी त्यांच्याच आराखड्यानुसार १८६८ मध्ये पूर्ण झाली. तिच्याभोवतीचे उद्यान १८७० मध्ये आखण्यात आले. तेच पुढे कब्बन पार्क म्हणून प्रसिद्धीस आले.

तथापि त्यांचे सर्वांत महत्त्वाचे कार्य इमारतींचे नव्हते. म्हैसूरच्या पठारावर मोठ्या बारमाही नद्या थोड्या आहेत. तेथील शेतकऱ्यांनी आणि स्थानिक राजांनी शेकडो वर्षांत हजारो तलाव बांधले होते. एका तलावाच्या सांडव्याचे पाणी खालच्या तलावात, तेथून त्याच्या खालच्या तलावात, अशी ही साखळी होती. ती पाहून सँकी प्रभावित झाले. संस्थानाच्या सुमारे ६० टक्के भूभागाचे पाणी तलावांखाली आले असून नव्या तलावासाठी जागा शोधावयाची तर कल्पकता पणाला लावावी लागेल, असे मत त्यांनी नोंदविले. परकीय अधिकाऱ्याने स्थानिक जनतेच्या परिश्रमांना दिलेली ही कबुली होती.

साखळीतील एक तलाव फुटला, की त्याचे पाणी खालच्या तलावांवर कोसळून अनेक गावांचे नुकसान होत असे. म्हणून एकेका तलावाची स्वतंत्र दुरुस्ती न करता संपूर्ण खोऱ्याची मोजणी करण्याची पद्धत सँकी यांच्या काळात अवलंबिण्यात आली. प्रत्येक तलावाचे पाणलोट क्षेत्र निश्चित करावयाचे आणि त्यानुसार तलावाचा आकार, बांध, सांडवा आणि मोऱ्या ठरवावयाच्या, असे तिचे स्वरूप होते. कालव्यावरील होडीसाठी जो हिशेब आवश्यक असतो, तोच येथे पिकांसाठी मांडला गेला. या कामाची ख्याती परदेशीही पोहोचली. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया वसाहतीने पाणीपुरवठ्याच्या चौकशीसाठी त्यांना पाचारण केले आणि १८७१ मध्ये त्यांनी मेलबर्न येथे चौकशी मंडळाचे अध्यक्षपद भूषविले.

दुष्काळ आणि तलाव

१८७६ ते १८७८ या काळात दक्षिण भारतावर भीषण दुष्काळ कोसळला. म्हैसूर संस्थानाची सुमारे एक पंचमांश लोकसंख्या त्यात नष्ट झाली. पाऊसच न झाल्याने तलाव कोरडे पडले. मोजणी आणि दुरुस्ती यांची मर्यादा या आपत्तीने उघड केली. दुष्काळ चालू असतानाच, १८७७ मध्ये, सँकी यांची भारत सरकारच्या सेवेत सिमल्यास बदली झाली. पुढील वर्षी अफगाण युद्धात कंदाहारकडे निघालेल्या फौजेचे ते प्रमुख अभियंता होते.

याच दुष्काळात मद्रासमधील किनारी कालव्याचे काम पुन्हा हाती घेण्यात आले. कूवम आणि अड्यार या नद्यांना शहरातून जोडणारा सुमारे आठ किलोमीटरचा भाग भुकेल्या मजुरांनी दुष्काळी कामावर खोदला. तत्कालीन गव्हर्नरांच्या नावावरून कालव्यास बकिंगहॅम हे नाव मिळाले. युद्धावरून परतल्यानंतर सँकी मद्रास इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याचे प्रमुख झाले, तेव्हा हा जलमार्ग शहरातून वाहता झाला होता. मद्रासच्या प्रसिद्ध मरीना किनाऱ्याच्या उभारणीतही त्यांचा वाटा होता.

मल्लेश्वरमजवळील तलावाचे वर्ष १८८२ असे दिले जाते आणि त्याच्या निर्मितीचे श्रेय सँकी यांना देण्यात येते. त्या वर्षी ते मद्रासला होते आणि म्हैसूरचे राज्य १८८१ मध्ये वडियार घराण्याकडे परत आलेले होते. दुष्काळाच्या अनुभवानंतर बंगळूरला पाण्याची हमी मिळावी, हा तलावाचा उद्देश होता. मिलर तलाव आणि धर्मांबुधी तलाव यांच्याशी तो जोडलेला होता. १८९० च्या दशकात हेसरघट्टा येथून नळाने पाणी आल्यावर त्याचे महत्त्व कमी झाले.

अखेरची वर्षे

१८८४ मध्ये सँकी भारतातून निवृत्त झाले आणि आयर्लंडच्या सार्वजनिक बांधकाम मंडळाचे अध्यक्ष झाले. शॅनन नदीचा जलमार्ग या मंडळाच्या अखत्यारीत होता. तेथेही कालव्यांचे वैभव ओसरले होते. मंडळाने पूर्वी बांधलेल्या बॅलिनमोर–बॅलीकॉनेल कालव्यातून नऊ वर्षांत अवघ्या आठ होड्या गेल्याची नोंद आहे. १८९२ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली आणि १८९६ पर्यंत ते या पदावर राहिले. ११ नोव्हेंबर १९०८ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्यामागे या जलमार्गांची वाटचाल भिन्न दिशांनी झाली. इंग्लंडमधील अरुंद कालवे विसाव्या शतकाच्या मध्यास मोडकळीस आले होते. नागरिकांनी १९४६ पासून चळवळ उभारून त्यांपैकी अनेक वाचविले आणि आता त्यांवर सहलीच्या होड्या चालतात. आयर्लंडमधील तो निकामी कालवाही १९९४ मध्ये पुन्हा खुला झाला. बकिंगहॅम कालव्याचे दैव मात्र वेगळे ठरले. १९६० च्या दशकातील चक्रीवादळांनी त्याची हानी केली, नंतर वाहतूक बंद पडत गेली आणि चेन्नई शहरात उन्नत रेल्वेचे खांब त्याच्या पात्रात उभे राहिले. तरीही डिसेंबर २००४ मधील त्सुनामीच्या वेळी या उपेक्षित कालव्याने अनेक ठिकाणी लाटांचे पाणी सामावून घेतल्याचे दिसून आले.

बंगळूरमध्ये धर्मांबुधी तलावाच्या जागी मध्यवर्ती बसस्थानक आहे. तलावांना जोडणाऱ्या अनेक ओढ्यांवर बांधकामे झाली आहेत. शहराने सप्टेंबर २०२२ मध्ये पूर अनुभवला आणि २०२४ च्या उन्हाळ्यात तीव्र पाणीटंचाई सोसली. दोन्ही संकटांच्या वेळी तलावांच्या तुटलेल्या साखळीची चर्चा झाली. सँकी तलाव अद्याप टिकून आहे आणि त्याची निगाही राखली जाते. मात्र एकट्या तलावाचा विचार न करता संपूर्ण खोऱ्याचे पाणी मोजावे, ही ज्या अभियंत्याची पद्धत होती, त्याच्या नावाच्या तलावापाशी तरी तिचे स्मरण व्हावयास हवे.