राघवला पकडणारे कुलकर्णी

रबाळ्याहून लोकलने कॉलेज गाठताना मोबाइलवर सीरियल किलरचे सिनेमे बघता? मग रमाकांत कुलकर्णी हे नाव माहीत हवंच!

१९६८ साली मुंबईच्या उपनगरांत फुटपाथवर, झोपड्यांत झोपलेल्या गरिबांची डोकी रात्री ठेचली जात होती. लोक काठ्या घेऊन जागायचे. मुंबई पोलिसांची गुन्हे शाखा तेव्हा उपायुक्त कुलकर्णींच्या हाताखाली होती. ऑगस्टमध्ये उपनिरीक्षक अॅलेक्स फियालोंनी रामन राघवला ओळखून धरलं. तो गप्पच. शेवटी चिकन खाऊ घातल्यावर बोलला, ४१ खून कबूल केले. त्याला फाशी झाली. पण तो मनोरुग्ण ठरल्याने १९८७ मध्ये त्याऐवजी जन्मठेप मिळाली.

पुढे परभणी जिल्ह्यातलं मानवत. गुप्तधनाच्या हव्यासापायी तिथे बायका आणि लहान मुलींचे बळी गेले. तो तपासही कुलकर्णींचाच. नंतर ते राज्याचे पोलीस महासंचालक झाले. २००५ मध्ये गेले.

राघववर श्रीराम राघवननी १९९१ मध्ये फिल्म केली, २०१६ मध्ये 'रामन राघव २.०' आला. कुलकर्णी पडद्यावर ठळक दिसले ते २०२४ च्या 'मानवत मर्डर्स'मध्ये. त्यांचं काम केलंय आशुतोष गोवारीकरांनी.

मारेकऱ्याचं नाव आपल्याला पाठ असतं. फुटपाथवर मेलेल्या एकाचं तरी आठवतं का?