महर्षी विठ्ठल रामजी शिंदे

कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात असलेले जमखंडी हे गाव पूर्वी एका संस्थानाची राजधानी होते. तेथे २३ एप्रिल १८७३ रोजी एका मराठा कुटुंबात विठ्ठल रामजी शिंदे यांचा जन्म झाला. घरात वारकरी भक्तीचे वातावरण होते. १८९८ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून ते पदवीधर झाले. याच सुमारास ते प्रार्थना समाजाकडे ओढले गेले. १९०१ ते १९०३ या काळात त्यांनी इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे धर्मांचा तौलनिक अभ्यास केला. परत आल्यावर त्यांनी प्रार्थना समाजाचे प्रचारकपद स्वीकारले.

१९०५ मध्ये अहमदनगरजवळच्या भिंगार येथे महार समाजाची एक सभा रात्री भरली होती. तिला शिंदे गेले आणि त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी त्यांनी मुंबईत ‘भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी’ स्थापन केली. अस्पृश्य मुलांसाठी शाळा व वसतिगृहे निघाली. त्या काळी पुष्कळ सुधारक व्याख्यान संपले की आपल्या घरी परतत. शिंद्यांचे घर मात्र अस्पृश्य विद्यार्थ्यांसोबतच होते. त्यांची बहीण जनाक्का हीही या कार्यात सामील झाली होती.

त्या वेळी महाराष्ट्राचे राजकारण दुभंगलेले होते. एका बाजूस स्वराज्य मागणारे टिळकपक्षीय होते आणि त्यांचे पुढारपण बहुतांशी ब्राह्मणांकडे होते. दुसऱ्या बाजूस ब्राह्मणेतर चळवळ होती. स्वराज्य आले तर सत्ता पुन्हा ब्राह्मणांच्याच हाती जाईल, अशी भीती तिच्या पुढाऱ्यांना वाटे. म्हणून कायदेमंडळात जातवार जागा राखून ठेवाव्यात, अशी त्यांची मागणी होती. ती भीती निराधार नव्हती. सुशिक्षित माणसाने यांपैकी एक बाजू धरावी, अशी जणू रीतच पडली होती.

शिंदे जन्माने ब्राह्मणेतर, परंतु मताने स्वराज्यवादी. १९१७ मध्ये त्यांनी राष्ट्रीय मराठा संघ स्थापून स्वराज्याच्या मागणीस पाठिंबा दिला, तेव्हा ब्राह्मणेतर पुढारी त्यांच्यावर रुष्ट झाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात अस्पृश्यतेविरुद्ध ठराव संमत झाला, तो त्यांच्याच प्रयत्नांनी. पुढील मार्चमध्ये त्यांनी मुंबईत अस्पृश्यता निवारण परिषद भरवली. तेथे लोकमान्य टिळकांनी अस्पृश्यतेचा निषेध केला. मात्र अस्पृश्यता न पाळण्याच्या प्रतिज्ञापत्रकावर सही केली नाही. पुण्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न निघाला, तेव्हा मुलींना त्यातून वगळू नये यासाठी शिंदे टिळकपक्षीयांविरुद्ध उभे राहिले. अशा रीतीने ज्यांच्याशी स्वराज्याविषयी जुळले, त्यांच्याशी समाजसुधारणेविषयी बिनसले.

खरी कसोटी १९२० च्या निवडणुकीत लागली. नव्या कायद्याने मुंबई कायदेमंडळात मराठा व तत्सम जातींसाठी सात जागा राखून ठेवल्या होत्या. तशा जागेवर उभे राहणे शिंद्यांना सोयीचे होते. परंतु जातीच्या नावाने मत मागणे त्यांना मान्य नव्हते. ते पुण्यातून सर्वसाधारण जागेसाठी उभे राहिले आणि ‘बहुजन पक्ष’ या नावाने त्यांनी जाहीरनामा काढला. शेतकरी, मजूर, अस्पृश्य, स्त्रिया अशा मागे राहिलेल्या सर्वांचा हा पक्ष असावा, ही त्यांची कल्पना होती. निवडणुकीत त्यांचा पराभव झाला. पुढे महाराष्ट्राच्या राजकारणात ‘बहुजन’ हा शब्द सर्वांच्या तोंडी झाला.

याहून मोठा घाव मंडळीतच बसला. संस्थेचा कारभार आपल्या हाती असावा, असे अस्पृश्य वर्गातील कार्यकर्त्यांना वाटू लागले होते आणि ते स्वाभाविकही होते. १९२३ मध्ये शिंदे कारभारातून बाजूला झाले. अस्पृश्यांसाठी स्वतंत्र मतदारसंघ असावेत, या डॉ. आंबेडकरांच्या मागणीलाही त्यांनी विरोध केला. संयुक्त मतदारसंघाचा त्यांचा आग्रह प्रामाणिक होता. तथापि ज्यांच्यासाठी त्यांनी आयुष्य वेचले, त्यांपैकी अनेकांना तो परका वाटला.

१९२८ मध्ये जमिनीच्या तुकडेबंदीच्या विधेयकाविरुद्ध त्यांनी शेतकऱ्यांना संघटित केले. १९३० च्या सविनय कायदेभंगात भाग घेतल्याबद्दल त्यांना सहा महिन्यांची शिक्षा झाली व येरवड्याच्या तुरुंगात राहावे लागले. १९३३ मध्ये ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. २ जानेवारी १९४४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.